किडनी खराब आणि जबडा मऊ पडलाय, कॅल्शियम देऊ का?

प्रश्न: नमस्कार डॉक्टर, आमचा कुत्रा अजून वर्षाचाही नाही पण जन्मापासूनच त्याच्या किडन्या नीट वाढलेल्या नाहीत असं निदान झालंय. आता तोंड सुजल्यासारखं दिसतं, दात हलतात, खालचा जबडा हाताला चक्क मऊ लागतो. घरात कॅल्शियमचं सिरप आहे ते सुरू करू का? की उकडलेली हाडं देऊ?

उत्तर: नका देऊ, दोन्ही नका. तुमची काळजी समजते, हाड मऊ म्हणजे कॅल्शियम कमी असंच कुणालाही वाटेल, पण इथे खरी गडबड फॉस्फरसची आहे. किडनी थकली की फॉस्फरस बाहेर टाकला जात नाही, तो रक्तात साठतो, शिवाय व्हिटॅमिन डीला कामाच्या रूपात आणायचं कामही किडनीचंच, तेही मागे पडतं, मग गळ्याजवळच्या पॅराथायरॉइड ग्रंथी सतत हार्मोन सोडत राहतात आणि ते हार्मोन हाडांतलं कॅल्शियम ओढून रक्तात आणतं. कुत्र्यात याचा फटका जबड्याला आणि कवटीला सगळ्यात जास्त बसतो, वाढत्या पिल्लांत तर फारच. हाडाच्या जागी तंतुमय पेशी भरतात, म्हणून सूज दिसते पण आत ताकद नसते.

रक्तात फॉस्फरस चढलेला असताना वरून कॅल्शियम ओतलं तर दोन्ही मिळून किडनीत, हृदयात, रक्तवाहिन्यांत क्षार साचतात आणि उरलीसुरली किडनीही जाते. हाडांत तर फॉस्फरस भरपूर असतो, शिवाय असल्या जबड्याने हाड चावायला गेला तर जबडाच मोडेल हो.

रक्तात फॉस्फरस, क्रिएटिनिन (किडनी किती काम करतेय ते यावरून कळतं) आणि आयोनाइज्ड कॅल्शियम, म्हणजे रक्तातलं मोकळं, प्रत्यक्ष कामात येणारं कॅल्शियम, बघून घ्या, नुसत्या टोटल कॅल्शियमवर जाऊ नका, ते फसवतं. जमलं तर पॅराथायरॉइड हार्मोन आणि जबड्याचा एक्स-रे पण. आजार मध्यम टप्प्यात असेल तर रक्तातला फॉस्फरस 5 mg/dL च्या खाली, अगदी शेवटच्या टप्प्यात 6 च्या खाली ठेवायचा प्रयत्न असतो. त्यासाठी कमी फॉस्फरसचं किडनी डाएट, तेवढ्याने भागलं नाही तर फॉस्फेट बाइंडर, म्हणजे खाण्यातला फॉस्फरस पोटातच बांधून ठेवणारं औषध, आणि तो जेवणातच मिसळून द्यायचा, उपाशीपोटी दिला तर जवळजवळ वाया जातो. कॅल्सिट्रायॉल, म्हणजे व्हिटॅमिन डीचं कामाचं रूप, देतात काही वेळा, पण फॉस्फरस आटोक्यात आल्यावरच आणि कॅल्शियम पुन्हापुन्हा तपासत. पिल्लू वाढीचं आहे, त्यामुळे डाएटमधलं प्रोटीन किती हे तुमच्या डॉक्टरांकडून ठरवून घ्या.

तोवर खाणं मऊ, भिजवलेलं द्या, दोरी ओढायचे खेळ बंद, गळ्यातल्या पट्ट्याऐवजी छातीचा हार्नेस. हलणारे दात घाईने काढू देऊ नका. आणि दुखतंय म्हणून माणसांची पेनकिलर तर अजिबात नाही, आयब्युप्रोफेन, डायक्लोफेनॅक या गोळ्या अशा किडनीला थेट मारतात.