गावालगतचे जंगल गावाचे कार्बन उत्सर्जन भरून काढेल का?

प्रश्न: आमच्या गावाला लागून १५० हेक्टर जंगल आहे. गावाचा सगळा धूर ते शोषून घेते, असे मानून चालेल का?

उत्तर: आधी मोजा, मग माना. उभ्या झाडांत साठलेला कार्बन ही जुनी शिल्लक आहे. यंदाच्या उत्सर्जनासमोर मांडायची ती यंदाची निव्वळ वाढ, म्हणजे वर्षभरात वाढलेल्या लाकडातून तोड, मर आणि वणवा वजा करून जे उरेल ते.

खर्चाची, म्हणजे उत्सर्जनाची बाजू अशी धरा. एक लिटर डिझेल जळाले की सुमारे २.७ किलो कार्बन डायऑक्साइड निघतो. १०० किलो युरिया टाकला की जमिनीतून नायट्रस ऑक्साइड सुटतो आणि युरियातला कार्बनही हवेत जातो. दोन्ही मिळून हवा तापवण्यात अंदाजे २७० किलो कार्बन डायऑक्साइडच्या बरोबरीचे. जनावराच्या रवंथातून वर्षाला ५० किलो मिथेन धरला, तर तो १,३५० किलो कार्बन डायऑक्साइडच्या बरोबरीचा. आता उदाहरण घेऊ: गावात ४०,००० लिटर डिझेल, ६० टन युरिया आणि २५० जनावरे. बेरीज सुमारे ६०७ टन. वीज, सिमेंट, घरचा गॅस यात धरलेलेच नाहीत.

जमेच्या बाजूला जंगल हेक्टरी २ टन वाळलेले लाकूड वाढवते असे समजा. मुळांसाठी चौथा हिस्सा मिळवून २.५ टन. यातला ४७ टक्के भाग कार्बन, त्याचा कार्बन डायऑक्साइड करायला ३.६७ ने गुणले की हेक्टरी ४.३ टन, म्हणजे १५० हेक्टरांना ६४५ टन. कागदावर हिशेब जुळला! पण गाव वर्षाला २०० टन (वाळल्या वजनाचे) सरपण उभी झाडे तोडून आणत असेल, तर ३४५ टन तिथेच गेले. उरले ३०० टन, जेमतेम निम्मे.

वाढीचा आकडा मात्र गृहीत धरू नका, तो रानातच काढा. ३१.६ मीटर बाजूचे चौकोनी तुकडे (०.१ हेक्टर) दाट, विरळ आणि उताराच्या भागांत चिठ्ठ्या टाकून निवडा, चांगली झाडी बघून निवडले की आकडा फुगलाच. उतारावर टेप जमिनीला टेकवून नाही, आडवी धरून अंतर घ्या. प्रत्येक झाडाला जमिनीपासून १.३७ मीटरवर रंगाचा पट्टा मारून घेर मोजा, लाकडाचे वजन त्या घेरावरून काढतात. बुंध्यातून खालीच दोन खोडे फुटली असतील तर दोन्ही वेगळी मोजा. टेप तिरकी बसली किंवा वेलीवरून गेली, तर ६० सेंटिमीटरच्या घेरात एक सेंटिमीटरची चूक सहज होते, आणि तेवढ्याने वजन ४ टक्क्यांनी चुकते. पुष्कळ झाडांची वर्षाची वाढच एवढी असते. म्हणून दरवर्षी धावपळ नको. पाच वर्षांनी, त्याच महिन्यात, त्याच पट्ट्यावर मोजा आणि फरकाला पाचाने भागा.

रोपे लावण्यापेक्षा तुटलेल्या खुंटांचे फुटवे राखणे बहुधा स्वस्त पडते, कारण मुळे आधीच खोल गेलेली असतात. खुंटावर दोन-तीन जोमदार फुटवे ठेवून बाकीचे छाटा. शेळ्यांनी शेंडे खाल्ले की फुटवा झुडूपच राहतो, त्यामुळे शेंडे तोंडाच्या वर जाईपर्यंत तिथे चराई बंद. उन्हाळ्याआधी जाळरेषा (वणवा अडवणारे मोकळे पट्टे) साफ करा. मात्र बंद केलेली चराई आणि तोड शेजारच्या रानात सरकली, तर फायदा शून्य.

तरीही पहिले काम खर्च कमी करण्याचे. सुधारित चूल किंवा बायोगॅसने सरपण निम्म्यावर आणले तर १७२ टन वाचतात, म्हणजे ४० हेक्टर जंगलाची वर्षाची वाढ. युरिया माती परीक्षणानुसार, हप्त्यांत आणि मातीआड द्या. डिझेलचा धूर तर एकदा सुटला की त्यातला बराच भाग शतकानुशतके हवेत राहतो. जंगल मात्र एका वणव्यात जाऊ शकते.

आणि कार्बन क्रेडिट, म्हणजे शोषलेल्या टनांचा हक्क, विकायचा विचार असेल तर लक्षात ठेवा: विकलेले टन खरेदीदाराच्या खात्यात जातात. तेच पुन्हा गावाच्या जमेत धरता येत नाहीत.