दंडाची चरबी आणि दोन किलोचं डंबेल

वजनी व्यायामाबद्दल आलेल्या प्रश्नांत या वेळी दंडांचीच चलती आहे, म्हणून हे पान पूर्ण त्यांनाच दिलं आहे. उत्तरं व्यायाम प्रशिक्षक आणि आहारतज्ज्ञांनी मिळून लिहिली आहेत.

वय 38, उंची पाच फूट दोन इंच. आठ महिन्यांत वजन 68 किलोवरून 61 वर आलं, कंबर चांगली उतरली. पण दंडाची मागची बाजू तशीच लोंबते. रोज दोन किलोचं डंबेल डोक्यामागून पन्नास-पन्नास वेळा वर नेते. आता शंभर करू का?
— एक शिक्षिका, लातूर

नका करू. पन्नासाचे शंभर केलेत तर कोपर दुखेल, चरबीला त्याचा पत्ताही लागणार नाही.

स्नायू काम करतो तेव्हा त्याला लागणारी चरबी बरीचशी रक्तातून येते. रक्तात चरबी येते ती सगळ्या अंगातल्या साठ्यांतून. हलतोय तो हात, म्हणून त्या हातावरचीच चरबी वितळेल असं शरीरात होत नाही. 1971 साली अमेरिकेत टेनिसपटूंचे दोन्ही हात मोजून पाहिले होते. वर्षानुवर्षं एकाच हाताने रॅकेट फिरवणारी ही माणसं. खेळणाऱ्या हाताचा घेर जास्त भरला, पण कातडीखालच्या चरबीची जाडी दोन्ही हातांवर जवळपास सारखीच निघाली. रोज तासन् तास खेळून जे झालं नाही, ते पन्नास उचलींनी होणार नाही.

चरबी कुठून आधी उतरणार आणि कुठून शेवटी, हे अनुवंशिकता आणि संप्रेरकं ठरवतात. तुमच्या घरात आई, मावशी, आत्या यांचे दंड बघा, अंदाज येईल. तुमची कंबर आधी उतरली ही खरं तर चांगली बाजू पडली. पोटाच्या आतली चरबी मधुमेह आणि हृदयविकाराकडे नेते, दंडावरची कातडीखालची चरबी त्यामानाने निरुपद्रवी असते. आपल्याकडच्या बायकांसाठी कंबरेची मर्यादा 80 सेंटिमीटर धरतात. दंडाआधी टेप तिथे लावा.

तुमचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचा आकडा, आता साडेचोवीसच्या आसपास येतो. भारतीयांसाठी 23 च्या आत असावा असं मानतात, म्हणजे आणखी तीन-चार किलोंना जागा आहे. सावकाश उतरवलेत तर दंडही थोडे उतरतील, पण बहुधा सगळ्यांत शेवटी. आणि तरीही काही थर राहील. तो राहणार हे आत्ताच धरून चाललात तर व्यायाम नको त्या दिशेला जाणार नाही.

बदलता येतो तो आतला स्नायू. दंडाच्या मागच्या बाजूला ट्रायसेप्स असतो आणि दंडाच्या एकूण स्नायूंपैकी साधारण दोन तृतीयांश भाग त्याचाच असतो. तो वाढायला त्याला जड वाटेल असं वजन लागतं. जे वजन पन्नास वेळा उचलता येतं ते तुमच्यासाठी आता हलकं झालं. असं वजन घ्या की आठ ते बारा वेळांत दम लागेल, आणि थांबाल तेव्हा फार तर अजून दोनदा जमलं असतं असं वाटेल. आठवड्यातून दोनदा, मध्ये किमान दोन दिवस सोडून. रोज करू नका, स्नायू भरतो तो विश्रांतीत.

एक तपासणी करून बघा. हात मागे नेऊन कोपर ताठ सरळ करा आणि दुसऱ्या हाताच्या बोटांनी दंडामागे दाबा. वरच्या मऊ थराखाली घोड्याच्या नालेसारखा कडक आकार लागला तर स्नायू तयार होतोय. फळ्यावर लिहिताना दंड हलतो, ते हलणारच. सैल सोडलेला स्नायूसुद्धा हलतो, मग त्यावरची चरबी का नाही हलणार?

जिम लांब आहे आणि संध्याकाळी वेळ नसतो. घरच्या घरी काय करता येईल, नेमकं सांगा.
— गृहिणी, वय 44, परभणी

दोन दिवस, समजा सोमवार आणि गुरुवार, प्रत्येकी पस्तीस मिनिटं. एप्रिल-मे मध्ये सकाळी सहालाच उरका. नंतर आपल्याकडे पत्र्याखाली किंवा गच्चीलगतच्या खोलीत व्यायाम म्हणजे चक्कर ओढवून घेणं.

सुरुवात बैठकांनी करा, दंड हा विषय असला तरी. मांड्या आणि पाठ हे मोठे स्नायू, अंगाला वळण खरं तेच लावतात. पलंगाच्या काठाला टेकेपर्यंत खाली आणि उठणं, बारा वेळा, तीन फेऱ्या.

मग जोर, पण जमिनीवर नाही, स्वयंपाकाच्या ओट्यावर. हात खांद्याइतक्याच अंतरावर, कोपरं बाहेर फाकू न देता तिरकी मागे, टाचेपासून डोक्यापर्यंत अंग एका रेषेत. छाती ओट्याच्या कडेजवळ न्या आणि ढकला. ओट्यावर आठही होत नसतील तर भिंतीवर करा. बारा-बाराच्या तीन फेऱ्या सहज झाल्या की पलंगाच्या कडेवर या, मग जमिनीवर. उंची कमी होत गेली की भार वाढतो, म्हणून यात एक रुपयाही खर्च नाही. चूक बहुतेकींची एकच होते: कंबर खाली लोंबते आणि मान पुढे येते. मग काम खांद्याच्या पुढच्या भागावर पडतं आणि दोन आठवड्यांत खांदा दुखायला लागतो. ओटा ओला नाही ना, ते आधी बघा.

पाठीसाठी कापडी पिशवीत पाच किलो ज्वारी. डावा हात पलंगावर टेकवून पाठ सपाट ठेवा, उजव्या हाताने पिशवी कमरेच्या दिशेने ओढा. खांद्याकडे ओढलीत तर मानेचा स्नायू आखडतो. दहा वेळा, मग हात बदला.

आता ट्रायसेप्सचा खास प्रकार. दोन लिटरची थंड पेयाची बाटली घ्या. पाणी भरलं तर दोन किलो, कोरडी वाळू भरली तर साधारण तीन. झाकण घट्ट लावून वरून चिकटपट्टी गुंडाळा, नाहीतर वाळू केसांत. खुर्चीवर ताठ बसा, बाटलीची निमुळती बाजू दोन्ही तळव्यांत धरून हात डोक्यावर न्या. कोपरं छताकडे, कानांजवळ. तीन आकडे मोजत बाटली मानेमागे खाली सोडा, मग सरळ वर. ट्रायसेप्सच्या तीन पेडांपैकी सगळ्यांत लांब पेड खांद्याच्या सांध्यावरून जातो. हात डोक्यावर असताना तो पूर्ण ताणला जातो, म्हणून हा प्रकार निवडला. पाठ मागे वाकायला लागली की समजा वजन जास्त झालं. तळवे घामेजले असतील तर पुसून घ्या, बाटली सुटली तर सरळ मानेवर येते.

शेवटी दंडाच्या पुढच्या बाजूसाठी त्याच पिशवीत दोन-तीन किलो ठेवून कोपर दुमडत ती वर उचला, दहा-दहाच्या दोन फेऱ्या. प्रत्येक फेरीनंतर दीड-दोन मिनिटं थांबा. त्या वेळात भाजी निवडायला बसू नका, अंग थंड पडतं.

खुर्चीला मागे हात टेकवून खाली-वर होण्याचा प्रकार मोबाईलवर फार दिसतो. नव्यांनी तो टाळावा असं आमचं स्पष्ट मत आहे. खोल गेलं की खांद्याच्या पुढच्या भागावर नको तेवढा ताण येतो, शिवाय आपल्या घरातल्या प्लॅस्टिकच्या खुर्च्या फरशीवर घसरतात.

वजन कधी वाढवायचं? सगळ्या फेऱ्यांत बारा झाले, तेही लागोपाठ दोन वेळा, की अर्धा किलो. वहीत तारीख, वजन, आकडा लिहा. मापाचा टेप महिन्यातून एकदाच: खांद्याच्या टोकाचं हाड आणि कोपराचं टोक यांच्या बरोबर मध्ये पेनाने खूण, हात सैल सोडलेला, सकाळी व्यायामाआधी. पाळीच्या आधीच्या आठवड्यात मोजू नका, अंगात पाणी धरलेलं असतं. पहिल्या सहा-आठ आठवड्यांत ताकद वाढते, माप हलत नाही. ती वाढ बरीचशी मेंदू आणि नसांच्या सरावाने आलेली असते, स्नायू नंतर भरतो. आणि चरबी घटताना स्नायू भरत असेल तर घेर तोच राहून हात घट्ट लागतो, म्हणून एकट्या टेपवर विसंबू नका.

दोन महिने डंबेल केलं, आता कोपराच्या मागे टोचतं.
— जालना

ट्रायसेप्स जिथे कोपराच्या हाडाला जोडतो तिथला हा ताण. डोक्यामागचा प्रकार दोन आठवडे बंद, बाकी प्रकारांत वजन निम्मं, आणि खाली सोडताना सावकाश. वर नेताना कोपराला झटका देऊ नका. दुखणं कोपराच्या बाहेरच्या बाजूला असेल तर त्यात कपडे पिळण्याचाही हात असतो. चादरी पिळण्याचं काम काही दिवस दुसऱ्या कुणाकडे द्या. तीन आठवड्यांत फरक नाही, किंवा बोटांना मुंग्या येतात, तर फिजिओथेरपिस्टकडे जा.

सासूबाई म्हणतात, वजनं उचलून हात पैलवानासारखे होतील.
— बीड

होणार नाहीत. बायकांच्या शरीरात टेस्टोस्टेरॉन पुरुषांच्या मानाने फारच कमी असतं. पैलवानाचा दंड वर्षानुवर्षांची तालीम आणि तसा खुराक मिळून होतो. सासूबाईंना ओट्यावरचे जोर तुमच्यासोबत करायला सांगा. त्यांच्या वयात हाडांसाठी ते तुमच्यापेक्षा जास्त गरजेचं.

मी शाकाहारी. दोन्ही वेळा भाकरी-वरण असतं, तरी स्नायू भरत नाहीत. पावडर घ्यावी का?
— धाराशिव

आधी ताट मोजू. व्यायाम करणाऱ्या 60 किलोच्या बाईला दिवसाला 72 ग्रॅमच्या आसपास प्रथिनं हवीत, म्हणजे किलोमागे 1.2 ग्रॅम. ज्वारीच्या मध्यम भाकरीतून सहा ग्रॅम मिळतात. वरण मात्र आपल्याकडे इतकं पातळ असतं की वाटीत डाळ शोधावी लागते. एका माणसाला दिवसभरात 60 ग्रॅम कच्ची तूरडाळ गेली तर 13 ग्रॅम. चार भाकरी आणि घट्ट वरण मिळून 37 झाले. उरलेल्याची सोय: सोयाबीनच्या 30 ग्रॅम कोरड्या वड्या, 15 ग्रॅम. पाव लिटर दूध, आठ. दोनशे ग्रॅम दही, सहा-सात. मूठभर, म्हणजे 25 ग्रॅम शेंगदाणे, सहा. झाले की बहात्तर, पावडरीशिवाय. सोयाबीन आपल्याच शेतात पिकतं आणि घरात वडी मात्र क्वचित शिजते, हे काही बरोबर नाही. वड्या गरम पाण्यात भिजवून दोनदा पिळून घ्या, म्हणजे उग्र वास जातो, मग शेंगदाण्याच्या कुटाच्या रश्श्यात सोडा.

मात्र शेंगदाण्याची चटणी आणि तेल यांत हात आवरा. एक मोठा चमचा तेल म्हणजे 120 कॅलरी. चटणीवर तेलाची धार सोडताना मोजतं कोण? चरबी उतरवायची असेल तर पहिली कात्री तिथे.

चतुर्थी-एकादशीला साबुदाण्यात प्रथिनं जवळपास नसतात, त्या दिवशी दही, दूध, राजगिरा धरा. जड व्यायाम दुसऱ्या दिवशी.

दंडाला प्लॅस्टिक गुंडाळून व्यायाम केल्याने फरक पडतो म्हणतात. मशीन, मसाज, शस्त्रक्रिया यांचं काय?
— नांदेड

प्लॅस्टिकने घाम जातो, चरबी नाही. पाणी प्यायलात की माप परत. उन्हाळ्यात तर घामोळ्यांची भर. मसाजाने बरं वाटतं, तेवढंच. खूप वजन उतरल्यावर नुसती कातडी लोंबत असेल, चिमटीत पातळ पदर येत असेल, तर तिला व्यायामाने फारसा फरक पडत नाही. शस्त्रक्रियेने ती काढता येते, पण काखेपासून कोपराकडे लांब व्रण राहतो. पात्र प्लॅस्टिक सर्जनला तो व्रण कुठे येईल हे बोटाने दाखवायला सांगा, मग ठरवा.

एकच दंड जाड दिसतो.
— हिंगोली

लिहिण्या-खाण्याच्या हाताचा घेर थोडा जास्त असणं साधं. पण सूज अलीकडे आली असेल, दाबल्यावर खड्डा राहत असेल, स्तनाची किंवा काखेतली शस्त्रक्रिया झालेली असेल, तर व्यायामाआधी डॉक्टर. दोन्ही दंड सारखेच जाड, हाताळले की दुखतात, सहज काळेनिळे पडतात आणि मनगटापाशी जाडी एकदम थांबते, तर डॉक्टरांना लिपेडेमाबद्दल, म्हणजे हातापायांवर चरबी साठण्याच्या आजाराबद्दल, विचारा. ती चरबी खाणं कमी करून सहसा हटत नाही आणि त्यात तुमचा दोष नसतो.

पुढच्या महिन्यात घरात लग्न. तोवर दंड उतरतील का? ब्लाऊज कसा शिवू?
— अंबाजोगाई

महिन्यात नाही उतरणार. ब्लाऊज आजच्या दंडावर शिवा. माप व्यायामानंतर लगेच देऊ नका, तेव्हा रक्त भरून दंड तात्पुरता फुगलेला असतो. दंडघेर हात सैल सोडून घ्यायला सांगा आणि त्यात एक इंच सैल ठेवा. रेशमी कापड ताणत नाही, त्याला अस्तर असेल तर आणखी नाही. बाहीची कड दंडाच्या सगळ्यांत जाड जागी आली की तिथे काचते आणि वरचं मांस फुगून दिसतं, म्हणून बाही एकतर त्याच्या बरीच वर ठेवा किंवा सरळ कोपरापर्यंत न्या. काखेपुढे जो फुगवटा येतो तो पुष्कळदा दंडाचा नसून घट्ट मुंढ्याचा असतो, शिंप्याला तो नीट बघायला सांगा. बाहीच्या शिवणीत दोन्हीकडे इंच-इंच माया सोडून घ्या. वर्षभर जोर सुरू राहिले तर उसवून सैल करायला ती लागेल.