जावयाला 90 हजार, मला 60 हजार: मग मी थांबू का?

ताई, तुमचं पत्र दोनदा वाचलं आणि सोबतची बिलं कॅल्क्युलेटर घेऊन तपासली. तुमचं म्हणणं थोडक्यात असं: तुम्ही दोघं निवृत्त शिक्षक. सांगलीच्या गावभागात सासऱ्यांनी बांधलेलं घर, वर मोकळी गच्ची. वापर वर्षाच्या सरासरीने महिन्याला 260 युनिट, बिल 2,900 च्या आगेमागे. लखनौच्या जावयांनी 2 किलोवॅटचं सोलर बसवलं, त्यांना केंद्र आणि राज्य मिळून 90 हजार अनुदान मिळालं. इथला डीलर म्हणतो महाराष्ट्रात तेवढ्यालाच 60 हजार मिळतात, पण 3 किलोवॅट घ्या म्हणजे 78 हजार पदरात पडतील. तुमचा प्रश्न असा की आपलं सरकारही उद्या वाढवून देईल, तर वर्षभर थांबावं का, आणि पैसे मुदत ठेवीतून काढावेत का.

थांबू नका. आणि 3 किलोवॅट घेऊ नका.

आधी जावईबापूंचा हिशेब. केंद्राची पीएम सूर्यघर योजना 2024 ची, ती महाराष्ट्राला आणि उत्तर प्रदेशाला सारखीच आहे. पहिल्या दोन किलोवॅटना प्रत्येकी 30 हजार, तिसऱ्याला 18 हजार, त्यापुढे काही नाही. उत्तर प्रदेश सरकार त्यावर किलोवॅटमागे 15 हजार, जास्तीत जास्त 30 हजार, आपल्या खिशातून घालतं. पण तिथे शहरी घरगुती युनिट साधारण साडेपाच ते साडेसहा रुपयांना पडतं. तुमच्या बिलात शंभराच्या वरचं युनिट वहन आकार आणि वीज शुल्क धरून बारा रुपयांच्या पुढे गेलंय. आपल्याकडे 1 किलोवॅट वर्षाला साधारण 1,400 युनिट देतो. म्हणजे 2 किलोवॅटने तुमच्या वर्षाच्या 3,120 युनिटपैकी 2,800 बिलातून वजा होतात, आणि ते वरच्या, महागड्या स्लॅबमधून आधी जातात. महिन्याला अडीच हजार वाचले असं धरा, वर्षाला 30 हजार. जावयांचे तेवढ्याच पॅनेलवर सतरा-अठरा हजार वाचतील. त्यांना सरकारने जे आधी हातात दिलं, ते तुम्ही अडीच वर्षांत भरून काढता आणि पुढे जाता. यात आपल्या सरकारचं कौतुक काही नाही हं. वीज महाग म्हणून सोलर फायद्याचं, एवढंच.

म्हणून कोणतं राज्य सोलरला किती मदत करतं हे नुसत्या अनुदानाच्या आकड्यावरून ठरवू नये. गुजरात घ्या. घराच्या छतावरच्या सोलरमध्ये ते देशात सगळ्यांच्या पुढे, 2019 पासून त्यांची स्वतःची योजना होती. पण उरलेल्या विजेला तिथे युनिटमागे 2 रुपये 25 पैसेच मिळतात, म्हणजे छत भरून पॅनेल लावले तर नफा नाही. किंवा आपल्या शेजारचं बघा. महिन्याला दोनशे युनिटच्या आत वापरणारं कुणी म्हैसाळच्या पुढे हद्दीपलीकडे कर्नाटकात राहत असतं, तर मी त्यांना सोलरचं नावही काढू दिलं नसतं. तिथल्या गृहज्योती योजनेत सरासरी वापर आणि वर दहा टक्के, जास्तीत जास्त दोनशे युनिटपर्यंत, बिल शून्य. फुकट विजेशी कुठलं पॅनेल स्पर्धा करणार? तिथे सरकारने एका हाताने सोलरला बळ द्यायचं आणि दुसऱ्याने त्याची गरजच काढून घ्यायची असं झालंय. राजस्थानने यातून वाट काढायचा प्रयत्न केला, मोफत युनिट छतावरच्या पॅनेलशीच जोडली. कल्पना मला आवडते.

आणि महाराष्ट्र अगदीच काही देत नाही असंही नाही. 2025 मध्ये राज्याने ‘स्मार्ट’ नावाची योजना काढली, 655 कोटींची. ती 1 किलोवॅटपुरती आणि दारिद्र्यरेषेखालच्या किंवा महिन्याला शंभर युनिटच्या आत वापर असलेल्या घरांसाठी आहे. दारिद्र्यरेषेखालच्यांना राज्याकडून 17,500, अनुसूचित जाती-जमातींना 15 हजार, बाकीच्यांना 10 हजार, तेही केंद्राच्या 30 हजारांवर. तुम्ही त्यात बसत नाही. पलूसला राहणाऱ्या दिरांचं बिल 80 युनिटचं आहे असं तुम्ही ओघात लिहिलंय, त्यांनी मात्र आजच चौकशी करावी. राज्याचा कल यावरून दिसतो: जास्तीचा पैसा गरीब घरांकडे. 260 युनिटवाल्यांना वाढीव अनुदान मिळेल या आशेवर वर्ष घालवलं तर 30 हजारांची बचत जाते, म्हणजे ज्या 30 हजारांसाठी थांबायचं तेवढेच. शिवाय केंद्राची योजना 2026-27 या आर्थिक वर्षापर्यंतच मंजूर आहे. वाढीव 30 ची वाट बघता बघता हातातले 60 जायला नकोत.

आता तो 3 किलोवॅटचा मोह. डीलरचे दर तुम्ही पाठवलेत: 2 किलोवॅटला 1,32,000, तीनला 1,95,000. अनुदान वजा करून 72 हजार आणि 1,17,000. म्हणजे तिसरा किलोवॅट तुम्हाला 45 हजारांना पडतो. त्याच्या 1,400 युनिटपैकी तीनेकशे तुमच्या कामाची, तीही सगळ्यात स्वस्त स्लॅबमधली. बाकीची मार्चअखेर शिल्लक राहतील आणि त्यांना जो दर मिळतो तो तुम्ही मोजता त्याच्या जवळपासही नसतो. माझ्या हिशेबाने वर्षाला पाच-सहा हजारांपलीकडे काही सुटत नाही. येत्या वर्षा-दोन वर्षांत एसी किंवा विजेवरची स्कूटर येणार असेल तर मला कळवा, मग उत्तर बदलेल. नुसतं ‘पूर्ण 78 मिळतात’ म्हणून घेणं म्हणजे सेलमध्ये दुसरी साडी निम्म्या किमतीत मिळते म्हणून घेण्यासारखं.

पैसे ठेवीतून काढा. 72 हजारांवर तुम्हाला वर्षाला पाच हजारांच्या आसपास व्याज मिळतं, तेही करपात्र. इथे त्याच रकमेवर बिलात 30 हजार वाचतात आणि वाचलेल्या पैशाला कर नाही. उद्या दर उतरले आणि बचत वीस हजारांवर आली तरी चार वर्षांच्या आत मुद्दल सुटतं. दोन लाखांची ठेव मार्चमध्ये सुटते म्हणता, पण तोपर्यंतची बचत मुदतपूर्व मोडण्याच्या दंडापेक्षा जास्त आहे. दवाखान्यासाठी वेगळी ठेवलेली ठेव मात्र तशीच राहू दे. एक गोष्ट ध्यानात ठेवा: आधी पूर्ण 1,32,000 भरावे लागतात, अनुदान नंतर तुमच्या खात्यात येतं. ‘अनुदान कापून फक्त 72 द्या’ म्हणणाऱ्यापासून दूर राहा. भारतात बनलेल्या सोलर सेलचे पॅनेल, राष्ट्रीय पोर्टलवर नाव असलेला विक्रेता आणि पाच वर्षांची देखभाल, हे कोटेशनवर लिहून घ्या. दहाएक वर्षांनी इन्व्हर्टर बदलावा लागेल, त्याचे पंचवीस-तीस हजार आत्ताच मनात धरा.

इन्व्हर्टरवरून आठवलं. डीलरने त्याची जागा खाली मीटरशेजारी दाखवलीय, तारेचा खर्च वाचतो म्हणून. गावभागात? 2019 च्या ऑगस्टमध्ये आयर्विन पुलाजवळ कृष्णेचं पाणी 57 फुटांवर गेलं होतं, धोक्याची पातळी 45. तुमच्या बैठकीच्या भिंतीवर त्या पाण्याची रेघ अजून दिसत असेल. इन्व्हर्टर जिन्यात वरच्या मजल्यावर लावा, दोन-तीन हजार जास्त गेले तरी. आणि वीज गेली की हे सोलरही बंद पडतं, बॅटरी नसते त्यात. भर दुपारी ऊन पडलंय आणि पंखा बंद, असं झालं की डीलरला फोन करू नका.

तुमच्या कुरडया-पापडांची काळजी रास्त आहे. सांगाडा सात-आठ फूट उंच घेतला तर खाली वाळवणाला, कपड्यांना जागा राहते, थोडा खर्च वाढतो. पॅनेल महिन्यातून दोनदा पाण्याने धुवा. कारखान्यांचा गळीत हंगाम सुरू झाला की काजळी बसते, तेव्हा आठवड्याला. आपल्याकडे कपड्यांवर बसते तीच.

खरी अडचण मला वेगळीच दिसतेय. पाठवलेल्या तिन्ही बिलांवर नाव सासऱ्यांचं आहे, आणि ते 2011 साली गेले असं तुम्हीच लिहिलंय. अर्ज बिलावरच्या नावाने होतो, अनुदानही त्याच नावाच्या माणसाच्या बँक खात्यात जातं. तेव्हा आधी महावितरणकडे नावबदलाचा अर्ज. त्याला मृत्यूचा दाखला, सिटी सर्व्हेचा उतारा आणि बाकी वारसांचं संमतीपत्र तयार ठेवा. उताऱ्यावर दिरांचं नाव असेलच, म्हणजे गच्चीत त्यांचाही वाटा. पॅनेल वीस-पंचवीस वर्षं राहणार, तेव्हा संमतीपत्रात गच्चीवर सोलर बसवण्याचाही उल्लेख करून घ्या. येत्या रविवारी पलूसला जाऊन या. दिरांना त्यांच्या ‘स्मार्ट’बद्दल आधी सांगा, मग सहीचा कागद पुढे करा.