नवऱ्याने पूर्वी क्रेडिट कार्डाचं सेटलमेंट केलंय. आता दोघांच्या नावावर गृहकर्ज मिळेल का?

मिळू शकतं, पण अर्ज करायची घाई करू नका. बँक दोन्ही सहकर्जदारांचा सिबिल रिपोर्ट, म्हणजे कर्ज आणि कार्डाच्या परतफेडीची नोंद, बघते. तुमचा स्कोअर ७८० असला तरी त्यांच्या रिपोर्टमधला ‘सेटल्ड’ शेरा झाकला जात नाही. त्याचा अर्थच असा की बँकेला काही रक्कम सोडून द्यावी लागली.

आधी दोघांचे रिपोर्ट काढा. प्रत्येक क्रेडिट ब्युरोकडून (असे रिपोर्ट बनवणाऱ्या सिबिलसारख्या संस्थेकडून) वर्षातून एकदा पूर्ण रिपोर्ट फुकट मिळतो. मग जुन्या बँकेकडून सोडलेली रक्कम किती ते लेखी घ्या. ती भरल्यावर खातं ‘क्लोज्ड’ दाखवतील, हेही पैसे भरण्याआधीच लेखी घ्या. लोक नेमके इथेच फसतात: पैसे भरतात, नो ड्यूज सर्टिफिकेट (काही देणं बाकी नसल्याचा दाखला) घेतात, आणि रिपोर्टमध्ये शेरा तसाच राहतो. तसं झालं तर ब्युरोकडे तक्रार नोंदवा. ३० दिवसांत निकाल लागला नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार दिवसाला १०० रुपये भरपाई मिळते.

एकाच वेळी चार-पाच बँकांत अर्ज टाकू नका, प्रत्येक चौकशीची नोंद होते.

तुमच्या एकटीच्या पगारावर कर्ज बसत असेल तर मला तोच मार्ग बरा वाटतो. मात्र घरही तुमच्या एकटीच्याच नावावर घ्यावं लागेल, कारण सहमालकाला बँका सहसा सहकर्जदार करतातच. महाराष्ट्रात फक्त स्त्रीच्या नावावर घर घेतल्यास मुद्रांक शुल्कात १ टक्का सवलतही आहे. पण मालकीत नाव नसेल तर नवऱ्याला व्याजावरची करसवलत मिळणार नाही.