अंबरनाथचं देऊळ, पण घाई न करता

गेल्या वेळी या सदरात ठाणे-नवी मुंबईकरांसाठी एका दिवसाची सहल सुचवली होती : वालधुनी नदीकाठचं अंबरनाथचं शिवमंदिर. त्यावर बरीच विचारणा झाली. काही प्रश्न एकसारखेच होते, ते एकत्र केले आहेत.

प्रश्न : आई सत्तरीच्या पुढची आहे, गुडघे दुखतात. आमच्याकडे गाडी नाही. घणसोलीहून लोकलनं जमेल का? गाभारा खोल आहे असं ऐकलंय.

जमेल. ट्रान्स-हार्बर मार्गाच्या लोकलनं ठाण्याला या आणि तिथून अंबरनाथ, बदलापूर, कर्जत किंवा खोपोली लोकल पकडा. ठाण्याहून सुमारे पाऊण तास लागतो. सकाळी सगळा लोंढा मुंबईकडे असतो आणि संध्याकाळी तिकडून परतत असतो. तुम्ही दोन्ही वेळा उलट्या दिशेला, त्यामुळे आईंना बसायला जागा मिळण्याची शक्यता चांगली. दमणूक होते ती ठाण्याला फलाट बदलताना. तिथे सरकता जिना शोधा आणि एक लोकल सुटली तर सुटू द्या. अंबरनाथला पूर्वेला उतरून रिक्षा करा, देऊळ दोनेक किलोमीटरवर आहे.

गाभारा मंडपापेक्षा खाली आहे, हे खरं. वीसेक पायऱ्या उतराव्या लागतात आणि उतरण्यापेक्षा चढणं जड जातं. आईंनी मंडपातूनच हात जोडले तरी चालेल. या देवळाचं खरं वैभव बाहेरच्या भिंतींवर आहे आणि ते पाहायला एकही पायरी उतरावी लागत नाही. चपला मात्र बाहेर काढाव्या लागतात आणि अकरानंतर अंगणातली फरशी अशी तापते की कोवळ्या पायांना सहन होत नाही. आईंसाठी जाड मोजे न्या. सगळ्या यादीत ही एकच गोष्ट विसरू नका.

सोमवार टाळा, श्रावणातला तर नक्कीच. महाशिवरात्रीला जत्रा असते, त्या दिवशी देऊळ दिसत नाही, माणसं दिसतात. रविवारी निघणार असाल तर आधी मेगाब्लॉक, म्हणजे दुरुस्तीसाठी लोकल बंद, कुठे आहे ते बघा. मला विचाराल तर शनिवार उत्तम.

प्रश्न : आम्ही गेलो होतो. दर्शन घेतलं, प्रदक्षिणा घातली, वीस मिनिटांत बाहेर. त्यात दिवसभर बघण्यासारखं काय आहे? (नौपाडा)

तुम्ही ठाण्याचे, म्हणून तुमच्यापासूनच सुरुवात करतो. हे देऊळ उत्तर कोकणावर राज्य करणाऱ्या शिलाहार घराण्याचं आणि त्यांची राजधानी होती श्रीस्थानक, म्हणजे तुमचं ठाणं. देवळातल्या शिलालेखावर शके ९८२ म्हणजे इ. स. १०६० हे साल आणि शिलाहार राजा मम्वाणी याचं नाव आहे. ठाण्यात शिलाहारांच्या काळातलं असं उभं देऊळ आज राहिलेलं नाही. आपल्या शहराची ती श्रीमंती पाहायची तर अंबरनाथलाच जावं लागतं.

आता भिंती. प्रदक्षिणा नेहमीच्या चालीनं घालू नका, दहा पावलं चाला आणि थांबा. पहिल्या फेरीत फक्त खालचे थर बघा. कीर्तिमुखांच्या, म्हणजे डोळे वटारलेल्या सिंहासारख्या मुखवट्यांच्या, रांगा दिसतील, त्यांच्या जवळच हत्तींचा थर. दुसऱ्या फेरीत माणसाच्या उंचीच्या वरच्या मूर्ती बघा : शिवाची निरनिराळी रूपं, देवी, आणि त्यांच्या आजूबाजूला कोनाकोनांत उभ्या सुरसुंदरी, म्हणजे अप्सरा. इथली भिंत सरळ अशी कुठे जातच नाही, सारखी कोन करून आतबाहेर होते. त्यामुळे ऊन सरकलं की पाच मिनिटांपूर्वी अंधारात असलेली मूर्ती उजेडात येते. वीस मिनिटांत हे कसं दिसणार?

तिसऱ्या फेरीत मान वर करा. शिखराची शैली भूमिज आहे. चार दिशांना खालून वर जाणारे चार उभे पट्टे आणि त्यांच्या मधल्या जागेत छोट्या छोट्या शिखरांच्या ओळी, थरावर थर. सिन्नरचं गोंदेश्वर पाहिलं असेल तर ओळख लगेच पटेल, कारण तेही भूमिजच. मात्र ते यादवकाळातलं, म्हणजे अंबरनाथच्या नंतरचं. मग मंडपात जाऊन खांब बघा आणि खांबांनंतर छत. छतासाठी भिंतीला टेकून खाली बसा, उभ्यानं बघितलं तर मान दुखते आणि माणूस लवकर निघतो.

प्रश्न : सासूबाई म्हणतात, हे देऊळ पांडवांनी एका रात्रीत बांधलं. नववीतला मुलगा म्हणतो, खोटं आहे. जेवणाच्या टेबलावर रोज वाद. निकाल द्या. (कळवा)

शिलालेखापुरता मुलगा बरोबर. पण त्याला म्हणावं, आजीची गोष्ट कुठून आली तेही शोध. गाभाऱ्यात उतरून वर बघितलं तर शिखराचा वरचा भाग नाही, आभाळ दिसतं. एवढं कोरीव देऊळ आणि वर अपुरं! बघणाऱ्याला कारण हवंच असणार. रात्र संपली, कोंबडा आरवला, काम तसंच राहिलं. अशी गोष्ट महाराष्ट्रात कितीतरी जुन्या देवळांबद्दल सांगतात. आजींनाही सोबत न्या, तिथे बसून त्यांनीच ती सांगावी.

प्रश्न : सकाळी डबे घेऊन निघायचं, नदीकाठी पंगत आणि मुलांना पाण्यात खेळू द्यायचं असा बेत आहे. (ऐरोली)

डबे न्या, पाण्याचं विसरा. वालधुनी अंबरनाथजवळच्या डोंगरात उगम पावते आणि कल्याणजवळ उल्हास नदीला मिळते. एवढ्याशा प्रवासात अंबरनाथ-उल्हासनगरच्या कारखान्यांचं आणि वस्त्यांचं सांडपाणी पोटात घेते. कित्येक वर्षं हे चाललंय. पाण्याला हात लावू देऊ नका आणि भर पावसाळ्यात पात्राच्या कडेलाही जाऊ नका, पाणी झपाट्यानं चढतं. नऊशे वर्षांपूर्वी नदी बघून देवळाची जागा निवडणाऱ्यांनी आजचं पात्र बघितलं असतं तर काय म्हटलं असतं, हा विचार माझ्या मनातून जात नाही. असो. आवारात सावली बघून बसा, पण देवळाच्या ओट्यावर पंगत मांडू नका. हे जागतं देऊळ आहे आणि संरक्षित स्मारकही.

मुलांसाठी पाण्याऐवजी एक वही आणि पेन्सिल. एका मुलानं हत्ती मोजायचे, दुसऱ्यानं एकच आवडलेली मूर्ती काढायची. चित्र कसंही येऊ दे, तासभर निघतो.

प्रश्न : गाडी आहे. अंबरनाथ, मलंगगड, टिटवाळा आणि परतताना दुर्गाडी किल्ला, एका दिवसात बसवून द्या. (घोडबंदर रोड)

नाही बसवून देणार. कल्याणला रेल्वेचे दोन फाटे फुटतात. अंबरनाथ कर्जतच्या फाट्यावर, टिटवाळा कसाऱ्याच्या. गाडीनं गेलात तरी मधे कल्याणची वाहतूक आहेच, तिच्यात दुपार जाईल. मलंगगड ही चढाई आहे, तिला वेगळा दिवस द्या. टिटवाळ्याच्या गणपतीला कधीही जाता येतं, फक्त मंगळवार आणि चतुर्थी सोडून.

फार वाटत असेल तर संध्याकाळी परतताना कल्याणला दुर्गाडीवर अर्धा तास थांबा. १६५७ साली शिवाजी महाराजांनी कल्याण-भिवंडी घेतली आणि इथल्या खाडीत मराठी आरमाराची जुळवाजुळव सुरू झाली. तटबंदी थोडीच उरली आहे, पण वरून उल्हासची खाडी दिसते आणि हे बंदर का महत्त्वाचं होतं ते नकाशा न उघडता समजतं. नवरात्रात मात्र तिकडे गाडी नेऊ नका.

प्रश्न : खायचं काय? (नेरुळ)

दाल पकवान. अंबरनाथच्या अलीकडे उल्हासनगर आहे. फाळणीनंतर आलेल्या सिंधी निर्वासितांच्या छावण्यांतून १९४९ साली वसलेलं शहर. पकवान म्हणजे कुरकुरीत तळलेली पुरी, वर चण्याची डाळ, चिंचेची चटणी आणि कांदा. हा सकाळचा नाश्ता, दुपारी मागायला गेलात तर हात हलवत परत याल. म्हणून जातानाच उल्हासनगरला उतरा, पोटभर खा आणि पुढची लोकल धरा. जेवणाची फारशी गरज राहत नाही. आईवडिलांचं पथ्य असेल तर घरची पोळीभाजी बरी.

प्रश्न : फोटोंसाठी कोणता महिना आणि कोणती वेळ? (कोपरी)

नोव्हेंबर ते फेब्रुवारी. देवळाचं तोंड पश्चिमेला आहे, म्हणजे सकाळी आठ-नऊला मागच्या भिंतीवर तिरपं ऊन येतं आणि कोरीवकाम उठून दिसतं. समोरून काढायचा असेल तर चारनंतर. माध्यान्हीचं ऊन काळ्या दगडाला सपाट करतं. पावसात दगड सुरेख काळाभोर दिसतो, पण शेवाळावरून पाय घसरतो आणि तेव्हा एक हात छत्रीत अडकलेला असतो. ट्रायपॉड लावायचा असेल तर पुरातत्त्व खात्याची परवानगी आधी काढा. गाभाऱ्यात पूजा चालू असेल तर कॅमेरा पिशवीतच असू द्या.