आयरिश घराण्याचं चिन्ह शोधायला सुरुवात करताय? आधी हे बघा

मस्त विषय निवडलात, फक्त गिफ्ट शॉपमधला "तुमच्या आडनावाचा कोट ऑफ आर्म्स" (ढालीवरचं घराण्याचं चिन्ह) छापलेला कॉफीचा मग पुरावा म्हणून धरू नका, नवीन माणूस पहिल्यांदा तिथेच फसतो (मीही फसलोय, तो कॉफीचा मग अजून कपाटात आहे). चिन्ह आडनावाला नसतं, ठराविक माणसाला आणि त्याच्या वंशजांना असतं, म्हणून आधी वंशावळ, चित्र नंतर.

सुरुवातीला एवढंच करा:

- बटलर घराणं घ्या, म्हणजे पूर्वीचे ऑर्मंडचे अर्ल (सरदार), किलकेनी कॅसलवाले. १३२८ पासूनची पदवी, त्यामुळे कागद भरपूर. त्यांची सोनेरी ढाल, वर निळा दातेरी पट्टा, आणि बऱ्याचदा जोडीला लाल भागावर तीन झाकणवाले सोनेरी पेले.
- ढालीचं शब्दातलं वर्णन असतं त्याला ब्लेझन म्हणतात, ते उतरवून घ्या. चित्रकार बदलला की चित्र बदलतं, ब्लेझन तेच राहतं.
- डब्लिनचं चीफ हेराल्डचं, म्हणजे चिन्हांच्या नोंदी ठेवणाऱ्या सरकारी अधिकाऱ्याचं ऑफिस गाठा. १५५२ साली अल्स्टर किंग ऑफ आर्म्स या नावाने सुरू झालं, १९४३ पासून नॅशनल लायब्ररीकडे आहे. तिथल्या जुन्या नोंदवह्यांत फ्युनरल एंट्रीज शोधाच, माणूस गेल्यावर बायको, मुलं, चिन्ह सगळं एका जागी लिहिलेलं सापडतं, सोनं आहे ते!

आणि क्रेस्ट म्हणजे अख्खं चिन्ह नव्हे हो, हेल्मेटवरचा तुकडा तेवढा क्रेस्ट. ढालीचे चार भाग का पडतात वगैरे आत्ता सोडा, एक घराणं नीट झालं की विचारा.