पुस्तकचर्चा आणि मोडी कागद : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : माझी भाची अमेरिकेत असते. तिच्या गावच्या ग्रंथालयात ‘ह्युमॅनिटीज कौन्सिल’च्या मदतीने पुस्तकचर्चा होतात. ही कौन्सिल नेमकं करते काय? कोथरूडच्या आमच्या छोट्या वाचनालयात असं काही जमेल का?

उत्तर : जमेल, आणि पैशांची अडचण वाटते तेवढी नाही. १९६५च्या कायद्याने अमेरिकेत साहित्य, इतिहास, तत्त्वज्ञान अशा विषयांसाठी केंद्रीय निधी सुरू झाला. त्यातून वाटा मिळणाऱ्या ५६ कौन्सिल तिथे आहेत. ही सरकारी खाती नव्हेत, स्वतंत्र संस्था आहेत. त्या ग्रंथालयांना, संग्रहालयांना छोटी अनुदानं देतात आणि जाणकारांशी गाठ घालून देतात. बहुतेक ठिकाणी अट असते की स्थानिक संस्थेनेही तेवढाच वाटा उचलावा. मात्र तो रोख नसला तरी चालतो. स्वयंसेवकांचे तास, विनाभाड्याचं सभागृह हेही हिशेबात धरतात. एप्रिल २०२५मध्ये केंद्राने चालू अनुदानं एकाएकी रद्द केली आणि अनेक कौन्सिलना कार्यक्रम आवरते घ्यावे लागले. एकाच दात्यावर सगळी भिस्त ठेवू नये ती यासाठी.

पुण्यात हे काम अनेक संस्थांत वाटलेलं आहे. वसंत व्याख्यानमाला न्यायमूर्ती रानड्यांनी १८७५मध्ये सुरू केली, महाराष्ट्र साहित्य परिषद १९०६ची, भारत इतिहास संशोधक मंडळ १९१०चं. ऐकायला इथे भरपूर मिळतं. वाचून आलेल्या माणसांनी एकमेकांशी बोलावं, अशा जागा मात्र फार थोड्या. म्हणून आणखी एक व्याख्यानमाला काढू नका, चर्चाच ठेवा.

पंधरा ते वीस माणसं पुरेत. त्याहून जास्त झाली की चार जण बोलतात आणि बाकीचे श्रोते होतात. महिन्याला एक पुस्तक, असे चार महिने. पुस्तक दोनशे पानांच्या आतलं आणि सध्या छापील मिळणारं घ्या; प्रती मिळाल्या नाहीत की पहिल्याच बैठकीला निम्मे लोक न वाचता येतात. सात-आठ प्रती वाचनालयाने घेऊन फिरवाव्यात. दीड तासाच्या बैठकीत जाणकाराला वीस मिनिटं द्या, आणि हे बोलावतानाच स्पष्ट सांगा. आयत्या वेळी चिठ्ठी पाठवून थांबवणं पाहुण्यालाही अवघड जातं आणि यजमानालाही. खुर्च्या गोल मांडा. ‘पुस्तक कसं वाटलं?’ असं विचारू नका, त्यावर ‘छान’ एवढंच येतं. ‘अमुक पानावर ही व्यक्ती गप्प का राहते?’ असं विचारा. लोक आपणहून पानं उलटू लागतात.

पहिल्या दिवसापासून वही ठेवा: हजेरी, कोणी किती तास काम केलं, सभागृहाचं वाचलेलं भाडं, जाणकाराने न घेतलेलं मानधन. उद्या एखाद्या बँकेकडे किंवा न्यासाकडे मदत मागताना ‘सांस्कृतिक कार्यासाठी सहकार्य करावे’ या ओळीपेक्षा ही वही जास्त उपयोगी पडते.

प्रश्न : घरात पणजोबांचे मोडी कागद सापडले आहेत. सोसायटीच्या गणेशोत्सवात मांडावेत का?

उत्तर : मूळ कागद मांडू नका, छायाप्रती मांडा. लॅमिनेशन तर मुळीच नको. उष्णतेने प्लास्टिक कागदाला कायमचं चिकटतं. सेलोटेपचा गोंद पिवळा पडून शाई खातो. गंजलेल्या टाचण्या ओढू नका, हलक्या हाताने सोडवा. उन्हात न ठेवता खिडकीजवळच्या उजेडात, कागद सपाट ठेवून, वरून सरळ फोटो घ्या. कोरी वाटणारी पाठही टिपा, तिथे पुष्कळदा नाव किंवा तारीख असते. कागद ज्या क्रमाने सापडले तो क्रम मोडू नका. एकाच रुमालात बांधलेल्या कागदांचा एकमेकांशी बहुधा संबंध असतो. मग धुतलेल्या, खळ नसलेल्या सुती कापडात गुंडाळा. वाचनासाठी भारत इतिहास संशोधक मंडळात चौकशी करा, पण जाताना आधी फोटोच न्या.